कासवाला शनिवार कळत नाही

सहलीला निघायच्या आधीच मी दमलेली असते. ज्या घरात दोघंही नोकरी करतात तिथे जरा विचारून बघा, हेच ऐकायला मिळेल. आधी दोघांच्या रजा जुळवायच्या. त्या जुळल्या की मुलीची परीक्षा आडवी येते. तारखा ठरल्या की राहायची जागा शोधायची, म्हणजे रात्री साडेअकराला अंथरुणात पडून मोबाइलवर परक्या माणसांच्या तक्रारी वाचायच्या. पाणी कोमट होतं. नाश्त्याला फक्त पोहे दिले. समुद्र फोटोत दिसतो त्याहून लांब आहे. एकाने पाचपैकी एकच तारा दिला होता, कारण पाऊस फार पडला. जुलैत, कोकणात. असं पुष्कळ वाचून झालं की यातली कुठली गैरसोय आपल्याला चालेल याचा हिशेब मांडायचा, चार ठिकाणी फोन करायचे, आगाऊ रक्कम पाठवायची, पावतीचा फोटो जपून ठेवायचा. मी बँकेत आहे. आमच्याकडे हीच कामं करणारं एक स्वतंत्र खातं आहे आणि तिथल्या लोकांना त्याचा पगार मिळतो.

पूर्वी हे काही नव्हतं. पण पूर्वीच्या प्रवासाचे गोडवे मी गाणार नाही, कारण मला तो आठवतो. मे महिना लागला की आई आम्हा भावंडांना घेऊन लाल डब्याच्या एसटीने मामाकडे निघायची. घाट लागला की मागच्या सीटवरून ओकाऱ्यांचे आवाज यायचे, मग आमच्याही पोटात ढवळायचं, मग लिंबू. आई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. का घेत नसे ते तेव्हा कळलं नाही. एसटी स्टँडवरच्या बायकांच्या मुताऱ्यांत स्वतःला जावं लागलं तेव्हा कळलं. आणि मामाच्या घरी पोहोचल्यावर मामीचा चेहरा. ती वाईट नव्हती. पण आणखी पाच माणसं महिनाभर जेवणार, चुलीपुढे आपण एकटी बसणार, हे तिला दारातच दिसायचं. आईलाही दिसायचं. म्हणून आई तिथे पोहोचल्या पोहोचल्या पदर खोचून कामाला लागायची. तिला माहेरी विश्रांती मिळायची असं आम्ही समजत होतो.

आज पैसे मोजले की कुणाचे उपकार नाहीत. आजच्या प्रवासातला सगळ्यात मोठा आनंद मला विचाराल तर हा आहे, आणि तो कुणी उघडपणे बोलून दाखवत नाही. समुद्र, डोंगर, सूर्यास्त हे सगळं नंतरचं. कुणीतरी आयतं ताट समोर ठेवतं आणि त्याबद्दल दिवाळीला साडी न्यावी लागत नाही, यासारखं सुख नाही. फक्त एक घोटाळा झाला. तेव्हा पैसे नव्हते आणि महिनाभर सुट्टी होती. आता पैसे आहेत आणि रजा नाही. शुक्रवारी रात्री बॅगा भरायच्या आणि सोमवारी सकाळी कार्ड पंच करायचं. हल्लीच्या प्रवासात जे जे म्हणून वैताग आणतं, त्याची मुळं खणत गेलं की बहुतेक वेळा इथेच येऊन पोहोचतात.

मार्चमधल्या अशाच एका शनिवारी आम्ही वेळासला निघालो. वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडून समुद्रात जाताना तिथे बघायला मिळतात. मुलीने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. नवऱ्याने गाडीचं हवापाणी बघून घेतलं. मी वर सांगितलेली सगळी कामं केली.

पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव असा रस्ता. ताम्हिणीत मार्चमध्ये धबधबे नसतात, म्हणून गर्दीही नसते, आणि मला हा घाट याच दिवसांत आवडतो. काटेसावर आणि पांगारा फुललेले असतात, पळस उघड्या डोंगरावर पेटल्यासारखा दिसतो, आणि वळणावर गाडी आडवी लावून, डिकी उघडून, मोठ्याने गाणी वाजवत नाचणारं कुणी नसतं. माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडावा लागतो. या रस्त्याचं चौपदरीकरण पनवेल ते इंदापूर या टप्प्यापासून २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी बालवाडीत गेलेली मुलं आता कॉलेजात आहेत. माणगावच्या बाजारपेठेत शनिवारी सकाळी गाड्या एकमेकींच्या मागे नुसत्या उभ्या असतात. पण तिथून जवळ एका पंपावर स्वच्छ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह मिळालं. तुम्ही म्हणाल हे काय लिहायचं असतं का. पुरुष प्रवाशांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांत ते नसतं, म्हणूनच लिहिते. माझ्या आयुष्यात प्रवासात झालेली खरी सुधारणा ही आहे. इंटरनेट तिच्यानंतर.

म्हसळ्याच्या पुढे मोबाइलमधल्या नकाशाने एक जवळचा रस्ता सुचवला. नवऱ्याचा त्या नकाशावर माझ्याहून जास्त विश्वास आहे. सुदैवाने चहाच्या टपरीवरच्या माणसाने न विचारता सांगितलं, 'तिकडनं जाऊ नका, खडी टाकल्ये.' नकाशात खडी दिसत नाही.

बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा सावित्रीची खाडी समोर होती आणि आमच्यापुढे गाड्यांची एवढी रांग होती की धक्का दिसत नव्हता. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि इथे बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. पलीकडे वेशवी. मध्ये फेरीबोट, गावच्या लोकांच्या तोंडी जंगलजेटी. एका वेळी थोड्या गाड्या आणि दुचाक्या पोटात घेऊन ती जाते, पलीकडे रिकामी होते, तिकडच्या घेऊन परत येते. खाडी ओलांडायला लागतात दहा-पंधरा मिनिटं. आपला नंबर लागायला शनिवारी किती लागतील ते कुणी सांगू शकत नाही. खाडीतच एका रखडलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. रांगेतली माणसं त्या खांबांकडे बघत होती आणि सरकारला शिव्या घालत होती.

पहिली वीस मिनिटं सगळे आपापल्या गाडीत, काचा वर करून, एसी लावून बसले होते. मग इंजिनं बंद झाली. मग दारं उघडली. मोबाइलची रेंज येत-जात होती. हळूहळू लोकांनी तिचा नाद सोडला. कुणीतरी डिकीतून घडीच्या खुर्च्या काढल्या. दोन गाड्यांतली मुलं एकत्र झाली आणि प्लॅस्टिकच्या बॅटने क्रिकेट सुरू झालं. नियम असा की चेंडू खाडीत गेला की आउट आणि चेंडूही गेला. डोंबिवलीच्या एका आजोबांनी आम्हाला बाकरवडी दिली आणि ती पुण्याचीच आहे हे पाकीट फिरवून दाखवलं. एक बाई ताडगोळे विकत होती. तिने सोललेला पहिला गोळा मुलीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, 'आधी खा, मग घ्यायचं का ते सांग.' आम्ही दोन डझन घेतले. कुणाला घाई नव्हती, कारण घाई करून उपयोग नव्हता. फेरी आपल्या गतीने येत होती, जात होती. त्या दीड-दोन तासांचं आमच्या आखलेल्या कार्यक्रमात कुठे नाव नव्हतं, आणि मला त्या सहलीतले ते सगळ्यात मोकळे तास वाटले.

म्हणून पूल नको, असं मात्र नाही. मी वर्षातून कधीतरी येणार, धक्क्यावर बसून ताडगोळे खाणार आणि 'किती छान' म्हणणार. पलीकडच्या गावातल्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या तर तिला फेरीबोटीचं वेळापत्रक सुंदर वाटत नाही. पूल व्हायला हवा आणि लवकर व्हायला हवा. माझी सोय एवढीच, की तो होईपर्यंत मला इथे बसवून ठेवणारं काहीतरी आहे.

या खाडीच्या दोन काठांनी महाराष्ट्राच्या इतिहासाला बरंच काही दिलं आहे. आम्ही उभे होतो त्या अंगाला श्रीवर्धन, पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव. समोरच्या अंगाला वेळास, नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथांना श्रीवर्धन सोडून घाट चढावा लागला, आणि भानूही त्यांच्याबरोबर देशावर आले. त्यांची मुलंनातवंडं मग पुण्याची झाली. आता पुण्याची माणसं आगाऊ पैसे भरून घाट उतरतात आणि त्याच खाडीवर रांग लावतात.

नानांचा स्वतःचा एक प्रवास तर प्रसिद्ध आहे. १७६० साली भाऊसाहेब पेशव्यांची फौज उत्तरेला निघाली तेव्हा तिच्या आश्रयाने पुष्कळ यात्रेकरूही निघाले. वाटा सुरक्षित नव्हत्या. एवढं मोठं सैन्य बरोबर असताना भीती कसली? अठरा वर्षांचे नानाही आईला आणि पत्नीला घेऊन निघाले. फौजेचं काम होईल, आपली तीर्थं होतील. १४ जानेवारी १७६१ला ते पानिपतावर होते. नाना कसेबसे जीव वाचवून परतले, आई परतली नाही. पुढे त्यांनी हे सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं. मोठ्या गटाबरोबर गेलं की काळजी नाही, ही समजूत सहल कंपन्यांनी काढलेली नाही. ती आपल्यात फार जुनी आहे.

फेरीतून उतरून वेशवी, मग बाणकोटच्या किल्ल्याच्या पायथ्यावरून वेळास. गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे, नारळी-पोफळीत बुडालेलं. हॉटेल नाही. गावातल्या घरांतच राहायचं. आमच्या घराला पुढे मांडव होता, ओटीवर गाद्यांचा ढीग, मागे वाडी, आणि वाडीच्या कडेला नवी बांधलेली संडास-न्हाणीघरं. बायका माजघरात, पुरुष ओटीवर आणि मांडवात. हे फोनवर सांगितलेलं होतं, तरी एका गाडीतून उतरलेल्या जोडप्याने 'सेपरेट रूम नाही?' असं विचारलंच. काकू म्हणाल्या, 'आहे की. पण तीत आमच्या सासूबाई असतात.'

त्या काकूंचं वय माझ्याएवढंच असेल, किंवा दोन-चार वर्षांनी कमी. पण घरात पाऊल टाकताच मी त्यांना काकू म्हणायला लागले आणि त्या मला ताई म्हणायला लागल्या. कोकम सरबत आलं. मग जेवण: उकड्या तांदळाचा भात, कुयरीची भाजी, आमटी, पोह्याचा पापड, सोलकढी, आणि आधी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक. वाढायला त्या स्वतः, त्यांची सून आणि शेजारची एक मुलगी. 'घ्या हो, लाजू नका', 'एवढ्याशा भातावर उठता होय', हे सगळं अगदी मामीच्या घरासारखं. आणि ओटीवरच्या भिंतीला पैसे भरायचा क्यूआर कोड चिकटवलेला.

इथे माझी पंचाईत झाली. हॉटेलात मी गिऱ्हाईक असते आणि मला ते नीट जमतं. चहा गार असेल तर परत पाठवते. इथे चहा गार होता आणि मी तो गुपचूप प्यायले. जेवल्यावर माझा हात आपोआप ताट उचलायला गेला. काकू म्हणाल्या, 'राहू दे हो ताई, तुम्ही पैसे देताय ना.' बोलण्यात टोमणा नव्हता, अगदी सरळ बोलल्या. मी ताट ठेवलं आणि ओटीवर जाऊन बसले. पण बसल्यावरही भांड्यांचा आवाज येत होता आणि मला आई आठवत होती, पदर खोचून माहेरच्या चुलीपुढे बसलेली. नंतर कळलं की काकू पहाटे चारला उठतात. फेब्रुवारी ते एप्रिल, शनिवार-रविवार घर भरलेलं. त्यांना मी विचारलं, तुम्ही कुठे फिरायला जाता? त्या हसल्या. 'आमचं सगळं कासवावर. ती गेली की आंबा. आंबा गेला की पाऊस.' मग जरा थांबून: 'यातनं धाकटीची फी भरते. नाहीतर ती मंडणगडला कशी राहिली असती?' माझ्या सुट्टीचे दोन दिवस त्यांच्या हंगामातले दोन दिवस होते, आणि त्यांना त्याबद्दल माझी सहानुभूती नको होती, गिऱ्हाईक हवं होतं.

या गावात हे सगळं फार जुनं नाही. पूर्वी कासवाची घरटी सापडली की अंडी उकरून खाल्ली जायची किंवा विकली जायची. उरलेली कुत्री आणि कोल्हे खायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली इथे घरटी राखायला सुरुवात केली आणि गावकऱ्यांनाच त्या कामात घेतलं. २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला, म्हणजे बघायला येणाऱ्यांनी गावातल्या घरांत राहायचं आणि पैसे गावात राहायचे. हिशेब सरळ आहे: अंडं एकदा विकता येतं, पिल्लू दरवर्षी दाखवता येतं. हे असं रोखठोक लिहिलं की काही निसर्गप्रेमींना आवडत नाही. पण त्या पैशामुळेच आज गावातली पोरं कासवमित्र म्हणून पहाटेच्या अंधारात किनारा पालथा घालतात. मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालून तो बुजवते आणि परत जाते. पिल्लांचं तोंड तिला कधी दिसत नाही. वाळूवर तिचा माग राहतो. तो हुडकत कासवमित्र घरट्यापर्यंत पोहोचतात, अंडी जपून काढून किनाऱ्यावरच्या जाळीबंद हॅचरीत नेतात, तिथे तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरतात आणि पाटी लावतात. पुढे साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस. नक्की किती, ते वाळूच्या उबेवर. त्याच उबेवर नर होणार की मादी हेही ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की घरट्यावर टोपल्या पालथ्या घालून ठेवतात, आणि सकाळी सातच्या सुमारास नि संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या उचलून बघतात.

संध्याकाळी आम्ही सगळे पायवाटेने किनाऱ्यावर गेलो. चारदोनशे माणसं असतील. वाळूत दोऱ्या बांधलेल्या, दोरीमागे लहान मुलं पुढे, मोठी माणसं मागे, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. एका कासवमित्राने माहिती सांगितली, फ्लॅश मारू नका म्हणाला, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. मग टोपली उचलली. काही नाही. दुसरी उचलली. काही नाही. प्रत्येक टोपलीला गर्दीतून 'ओऽऽ' असा आवाज येत होता आणि दर वेळी तो थोडा लहान होत होता. शेवटची टोपली खाली ठेवून तो मुलगा म्हणाला, 'आज संध्याकाळी पिल्लं नाहीत. उद्या सकाळी बघू.'

दोन लहान मुलांना घेऊन ठाण्याहून आलेले एक गृहस्थ पुढे झाले. 'नाहीत म्हणजे? एवढ्या लांबून आलोय. पैसे भरलेत.' मुलगा म्हणाला, राहण्या-जेवण्याचे भरलेत. 'मग एखादं घरटं जरा उकरून बघा ना, आत असतीलच.' मुलगा शांत होता. त्याला हे दर आठवड्याला ऐकावं लागत असणार. 'ती आपली आपण वर येतात, साहेब. आपण उकरायचं नसतं.' लोक हसले. परतताना पायवाटेवर त्या गृहस्थांवर विनोद चालले होते. एका तरुणीने आपल्या मैत्रिणीला सांगितलं की अशा लोकांना निसर्ग कळतच नाही. प्रवास कसा सावकाश करायचा असतो, आहे ते स्वीकारायचं असतं.

हे सावकाश प्रवासाचं तत्त्वज्ञान मी हल्ली बरंच ऐकते. ते बरोबर असेलही, पण ते सांगणाऱ्यांकडे बहुधा रजा शिल्लक असते. रात्री मांडवात चहा घेताना त्या गृहस्थांशी बोलणं झालं. औषधाचं दुकान. सातही दिवस उघडं. भाऊ दोन दिवस बसायला तयार झाला म्हणून ते निघू शकले. मुलांना गेल्या वर्षीच आणायचं कबूल केलं होतं. त्यांनी खिशातला मोबाइल काढून पुन्हा ठेवला, रेंज नव्हती. 'दुकानात काय चाललंय कळत नाही,' म्हणाले. या माणसाने आहे ते कसं स्वीकारायचं? ज्याच्या हातात आठवडा आहे त्याला कासव आज आलं काय आणि परवा आलं काय सारखंच. ज्याच्या हातात दीड दिवस आहे, तो त्या दीड दिवसाची हमी मागणारच, आणि मागायला पैशाशिवाय त्याच्याकडे दुसरं काही नाही. परदेशी सहलींमध्ये सात दिवसांत पाच देश का दाखवतात याची आपण टिंगल करतो. एवढी रजा मिळाली म्हणून ते दाखवतात. मला तो हटवादी माणूस त्याच्यावर हसणाऱ्या तरुणीपेक्षा जास्त ओळखीचा वाटला. तो चुकीच्या जागी तक्रार करत होता एवढंच. कासवाला शनिवार कळत नाही, पण त्याच्या दुकानालाही रविवार कळत नाही.

रात्री माजघरात गाद्या टाकल्या. डास होते, पंखा मध्येच बंद पडत होता, आणि कुणीतरी घोरत होतं. माझ्या एका बाजूला मुलगी. दुसऱ्या बाजूला सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका, एकट्या आलेल्या. शाळेत असताना त्यांनी मुलांच्या सहली नेल्या, म्हणजे मुलं मोजत हिंडल्या. निवृत्त झाल्यावर नातवंडं मोजली. आता पहिल्यांदा कुणालाही न मोजता कुठेतरी आल्या होत्या. घरी काय सांगितलंत, मी विचारलं. 'कासवं बघायला जाते म्हटलं. नुसतं जाते म्हटलं असतं तर कुणी सोडलं नसतं.' त्यांनी फोनवरून जागा कशी ठरवली, बस कुठे बदलली, मंडणगडला रिक्षावाल्याशी भाव कसा केला, हे त्या ज्या कौतुकाने सांगत होत्या ते ऐकून सुरुवातीला मी जागा शोधायच्या कामाबद्दल जे बोलले ते थोडं मागे घ्यावंसं वाटलं. माझ्या आईला असं एकटीने कुठे जाता आलं नसतं. पैसे असते तरी नसतं. मोबाइल, घरगुती मुक्काम, पैसे न बाळगता पैसे देता येणं, दिवसाढवळ्या पोहोचवणारी बस: यातलं एकेक तसं किरकोळ. पण ते सगळं मिळून साठीच्या एका बाईला घराबाहेर काढतं. वेळासच्या त्या माजघरात अशा आणखी तिघी होत्या, आणि त्यांच्यात मध्यरात्रीपर्यंत हशा चालला होता. घोरणारीसुद्धा मध्येच उठून सामील झाली.

सकाळी तिसऱ्या टोपलीखाली होती. आधी वाळू नुसती हलली. मग काळपट राखाडी, तळहातावर मावतील एवढी पिल्लं एकमेकांवर चढत वर यायला लागली. मुलांनी ती हातमोजे घालून उचलली आणि दोरीच्या आत, पाण्यापासून थोडी दूर वाळूवर सोडली. गर्दी पुढे सरकली, 'मागे व्हा, मागे व्हा' असं ओरडणं सुरू झालं, कुणाचा तरी ड्रोन उडाला आणि तो उतरवायला लावला गेला. बहुतेक जण मोबाइलमधून बघत होते. मीही थोडा वेळ बघितलं. मग पडद्यावर ती मुंग्यांसारखी दिसायला लागली म्हणून मोबाइल खाली घेतला. पिल्लू चालतं म्हणजे पंखासारख्या पुढच्या पायांनी वाळू ढकलत सरकतं. माणसाच्या पावलाचा ठसा त्याला खड्ड्यासारखा लागतो. त्यात पडतं, हातपाय मारतं, बाहेर येतं. लाट आली की दोन हात मागे फेकलं जातं आणि पुन्हा तोंड समुद्राकडेच. काही डावीकडे, काही उजवीकडे, कुणी मध्येच थांबून बसलेलं. एक तर बराच वेळ हललंच नाही, आणि सगळ्या मुलांनी त्यालाच आपलं म्हटलं. ते अखेर लाटेत गेलं तेव्हा टाळ्या पडल्या. यातलं हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात. कासवमित्राने हे सांगितल्यावर एका लहानग्याने विचारलं, 'मग बाकीची कुठे जातात?' त्याच्या वडिलांनी त्याला पाणी प्यायला दिलं.

जी मोठी होतात ती कुठे जातात, हे शोधायला इथेच जानेवारी २०२२मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरचं तसं पहिलंच कासव, म्हणून तिचं नाव प्रथमा. नंतर आणखी एक गंमत उघड झाली. ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे बंगालच्या उपसागरातली बाई अरबी समुद्रात आली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, अशी आखणी तिने विचारात घेतली नव्हती.

ठाण्याचे गृहस्थ दोन्ही मुलांना खांद्यावर-कडेवर घेऊन सगळं बघत होते. शेवटचं पिल्लू गेलं तशी त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, 'चला, झालं.' पाच मिनिटांत त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी हसणार होते, पण नवरा आमच्या बॅगा आधीच डिकीत ठेवत होता. दहाच्या आत फेरीच्या रांगेत लागलो नाही तर माणगावला अडकू, असा त्याचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

निघताना पैसे द्यायचे तर रेंज नाही. भिंतीवरच्या कोडसमोर चार जण मोबाइल उंच धरून उभे होते. रोख आमच्याकडे पुरेशी नव्हती. हल्ली कुणाकडेच नसते. काकूंनी हात पुसत सांगितलं, 'घरी पोहोचल्यावर पाठवा हो. कुठे पळून जाताय?' त्यांनी एका वहीत आमचा नंबर लिहून घेतला, नाव लिहिलं नाही. मुलीच्या हातात आमसुलांची पुडी दिली आणि तिचे पैसे सांगितले नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, 'ती आमच्याकडची.' अशा रीतीने आगाऊ रक्कम सोडली तर सगळं उधारीवर करून आणि वर भेट घेऊन आम्ही वेळासहून निघालो.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रांग, ऊन, माणगाव, ताम्हिणीत मागून दिवे मारणाऱ्या गाड्या. माणगावच्या आसपास रेंज आली तेव्हा नवऱ्याने गाडी कडेला घेऊन पैसे पाठवले, आमसुलांचे म्हणून थोडे वर घालून.

काकूंचं उत्तर मंगळवारी दुपारी आलं, मी बँकेत असताना. वर घातलेले पैसे त्यांनी परत पाठवले होते. खाली लिहिलं होतं की सोमवारी संध्याकाळी दोन टोपल्या भरून पिल्लं निघाली, बघायला फक्त कॉलेजची चार पोरं होती, आणि पुढल्या वर्षी तुम्ही मधल्या वारी या, बुधवार-गुरुवार, माजघर मोकळं असतं. मी येते म्हणून कळवलं. रजेचा अर्ज अजून केलेला नाही. नव्या वर्षाच्या रजा आमच्याकडे एप्रिलपासून खात्यावर जमा होतात.